नाल्याकाठचा पालक

नालवाडी,
१८ नोव्हेंबर २०२४

ताई, जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडता फळीवर ठेवलं नसशील, असं धरून लिहितो आहे. फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. दोन वर्षांत इतके "बरं" ऐकले, की त्यांतला रागाचा कोणता आणि कामाच्या घाईतला कोणता हे मला ओळखता यायला लागलं आहे. पत्राला "बरं" म्हणता येणार नाही. आमच्या प्लँटवरचा प्रेमदास तुझ्याच गावचा, रोज पवनारहून येतो-जातो. त्याच्या हाती पाठवता आलं असतं. पण तो दारात उभा राहून "काय सांगू भाऊले?" असं विचारेल आणि तुला उभ्या-उभ्या उत्तर द्यावं लागेल. म्हणून पोस्टाने. चार दिवस लागले तरी चालेल.

मी अजून तेच काम करतो. दवाखान्याचं सगळं घाण पाणी, वॉर्डांचं, मोऱ्यांचं, धुलाईचं, मागच्या टाक्यांमध्ये येतं. ते स्वच्छ करून नाल्यात सोडायचं. त्याच नाल्याच्या काठी तुझे वाफे होते. आता तिथे गाजरगवत आहे. मी दुपारी डबा खायला त्या बाजूला बसत नाही.

ती सकाळ तू विसरली नसशील. मीही नाही. तू फाटकाशी आलीस, हातात विळा होता. म्हणालीस, "रत्ना, हे पाणी चांगलं हाये का?" मी म्हणालो, रिपोर्ट चांगला आहे. तू म्हणालीस, "रिपोर्ट मी काय करू? या पाण्यावरचा पालक तू खाशील का?" मी पुन्हा "रिपोर्ट" एवढाच शब्द काढला आणि तू वळलीस. दुपारपर्यंत पालक, मेथी, कोथिंबीर, सगळं मुळासकट उपटून बांधावर टाकलंस. संध्याकाळच्या बसने भाऊजींच्या घरी पवनारला गेलीस, ती गेलीस.

ताई, तो रिपोर्ट खोटा नव्हता. हे मी दोन वर्षं स्वतःला सांगतो आहे, आता तुला सांगतो. पाणी आंबट आहे का, त्यात किती घाण उरली, तरंगणारा गाळ किती, एवढं त्यात लिहिलेलं असतं आणि ते सगळं बरोबर होतं. पण रोगी जी औषधं घेतो त्यांतलं बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं आणि मोरीतून माझ्याकडेच येतं. त्याचा रकाना त्या कागदावर नव्हता. जे मोजलं नाही ते नाहीच, असं मी तुला वाटू दिलं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. ती एम.एस्सी. कोणाच्या डोक्यावरच्या टोपलीने झाली तेही मला माहीत आहे.

आता नवी गोष्ट, आणि ती पहिल्यांदा तुला कळावी म्हणून हा सगळा खटाटोप. औषधं काढण्यासाठी पाण्याला दोन पायऱ्या वाढवतो आहोत. आधी कर्दळीचा वाफा, त्यातून पाणी झिरपत जाईल, आणि मग नारळाच्या करवंटीच्या कोळशाने भरलेली टाकी. नागपूरच्या एका कॉलेजची माणसं दर महिन्याला नमुना नेऊन सात औषधं मोजणार आहेत. मोजणार आहेत, ताई. कर्दळीचे कंद मी माझ्या हाताने लावले. तू पाहिले असतेस तर म्हणाली असतीस, जवळ-जवळ लावले.

तुझ्या पालकाची फार आठवण येते. तुझी भावजय रोशनी तुझ्याबद्दल विचारते.

तुझा,
रत्नदीप


नालवाडी,
९ डिसेंबर २०२४

ताई,

मागच्या पत्रातलं "पालकाची आठवण येते" हे वाक्य पाकीट टाकल्यापासून मला टोचतं आहे. ते खोटं नाही. पण पूर्णही नाही. पुढे कधी.

आज तुला एक चोरी सापडल्याची गोष्ट सांगतो.

आमची मधली मोठी टाकी जिवंत असते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवायचे, त्यांना खालून हवा द्यायची, आणि ते घाण खातात. तुझ्या भाषेत दह्याचं विरजणच म्हण. तर ही टाकी दर रविवारी मरते. सोमवारी येऊन बघावं तर वर पांढरा फेस, खाली काळा गाळ आणि वास. बुधवारपर्यंत जरा सावरते, शनिवारी बरी असते, रविवारी पुन्हा तेच. आठ वर्षं मी लिहीत आलो: "तापमानातील बदलामुळे." उन्हाळ्यातही तेच आणि हिवाळ्यातही तेच. रविवारी मी सुट्टीवर असायचो, म्हणून प्रश्न मला पडत नव्हता.

या वेळी प्रेमदासच म्हणाला, "भाऊ, टाकी रविवारी मरते, पण तिले जहर शनिवारी भेटत असन."

शनिवारी मी वॉर्डात जाऊन बसलो. तुला सांगतो काय दिसलं. शनिवारी मोठ्या डॉक्टरांचा राउंड असतो. ट्रॉलीवर अर्धवट बाटली दिसली की ते सगळ्यांसमोर बोलतात. म्हणून राउंडच्या आधी प्रत्येक वॉर्डातली प्रत्येक सिस्टर आठवड्याभराच्या उरलेल्या बाटल्या, इंजेक्शनं, अँटिबायोटिकची सलाइनं बेसिनमध्ये ओतते, वरून पाणी सोडते, ट्रॉली पुसून लख्ख करते. सहा वॉर्ड एकाच तासात. स्वच्छतेची शर्थ, आणि सगळं माझ्या विरजणावर.

मुख्य सिस्टर अन्नपूर्णाबाईंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "अहो रत्नदीपभाऊ, तुमच्या गटाराच्या तब्येतीसाठी मी डॉक्टरांच्या शिव्या खाऊ का? पेशंट काय कमी आहेत मले?"

सोमवारी काचेच्या दोन बरण्या घेऊन गेलो. एकीत शुक्रवारचा गाळ, तपकिरी, मातीचा वास येणारा; दुसरीत सोमवारचा. झाकण काढून त्यांच्या नाकाशी धरला. त्या मागे सरल्या. मग पदर नाकाला लावून पुन्हा वाकल्या आणि पहिल्या बरणीकडे बघत म्हणाल्या, "हे जित्तं हाये?"

"शुक्रवारी होतं."

"आन् मारलं आम्ही?"

"राउंडने मारलं."

त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वॉर्डात एक निळा डबा आला आणि त्यावर त्यांनी स्वतः लिहिलं: "उरलेलं औषध इथेच. बेसिनमध्ये ओतणारीला मी ओतीन." तो डबा आता जाळायच्या कचऱ्याच्या गाडीबरोबर जातो.

मेलेली टाकी पुन्हा जगवायला, आणि पुढेही दर आठवड्याला थोडा, शेण आणि गूळ लागतो. हे पुस्तकात वेगळ्या शब्दांत आहे, पण शेवटी शेण आणि गूळच. औषधाचं इंजेक्शन न टोचलेल्या गाईचंच शेण हवं, नाहीतर तेच विष पुन्हा आत. प्रेमदास पवनारहून पोतं आणतो. "गाय कोणाची?" विचारलं तर म्हणतो, "वळखीची हाये. कधी सुई टोचली नाई तिले. तुम्ही गूळ पाहा, शेण मी पाहतो."

आमच्या शेजारच्या नत्थूजींनी त्यांची बकरी विकली. मला त्याचं काय वाटावं? पण वाटलं.

रत्नदीप


नालवाडी,
२० जानेवारी २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. मी मोजत नाही, असं लिहिणार होतो, पण मोजतो.

आज आनंदाने लिहितो आहे. आधी कारण वाच आणि मग माझ्याबरोबर जरा साशंक हो, कारण मी आनंदात असलो की मला भीती वाटते.

नागपूरहून कागद आला. सातही औषधं, दुखण्याची, तापाची, जंतू मारणारी, साखरेची, फिट येणाऱ्यांना देतात ते, सगळी, शेवटच्या नळाच्या पाण्यात मोजण्याच्या खाली. म्हणजे त्यांच्या यंत्राला दिसलीच नाहीत. टाकी गेले पाच रविवार जिवंत आहे. प्रेमदासने कागद हातात धरून उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे पास?" मी म्हणालो, या महिन्याला पास.

साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रशासकांनी, मला बोलावून चहा पाजला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन करायचं म्हणतात. पाहुणे, पत्रकार. नाल्याकाठची जागा साफ करून द्यायची, त्यावर पुन्हा भाजी. आणि मग म्हणाले, "ते पूर्वी तिथे पालक करायच्या त्या तुमच्या भगिनी ना? त्यांनाच बोलवा. त्यांच्या हातची पहिली जुडी, तुम्ही दोघं खाताय असा फोटो. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?"

ताई, खरं सांगतो, मला पहिल्यांदा राग आला नाही. मला दिसलं की तू वाफ्यात उकिडवी बसली आहेस, लुगड्याचा जुना काठ फाडून पट्ट्या केल्या आहेत आणि जुड्या बांधते आहेस. सुतळीने पानं कापतात म्हणून तू काठानेच बांधायचीस. तुझी जुडी बाजारात लांबूनही ओळखू यायची. मी साहेबांना म्हणालो, विचारतो.

जागा तुलाच मिळेल, तसं लिहून देतो म्हणाले. तू येशील का?

हे विचारताना माझ्या मनात तुझ्यासाठी किती आहे आणि त्या चहासाठी किती, हे मी वेगळं करून पाहिलं. नीट वेगळं होत नाही. म्हणून एवढंच करतो: फेब्रुवारीचा कागद येईपर्यंत तू उत्तर देऊ नकोस. इतके दिवस थांबलीस, आणखी एक महिना.

रत्नदीप


नालवाडी,
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

फेब्रुवारीचा कागद आला. सहा औषधं नाहीत. सातवं आहे, ते फिटवालं. आत येतं त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा शेवटच्या नळातून बाहेर जातो आहे.

काय झालं ते मला कळलं आहे. त्या औषधाला टाकीतले जीव खात नाहीत, कर्दळही फारशी अडवत नाही. त्याला धरतो तो फक्त कोळसा. आणि कोळसा किती दिवसांत भरतो हे आम्ही कोणीच मोजलं नव्हतं. वर्षभर चालेल असं पुरवणाऱ्याने सांगितलं, मी ते वहीत उतरवलं. तो तीन महिन्यांत भरला. ज्यांनी मोजायचं ठरवलं होतं त्यांनीच हे मोजायचं सोडलं, म्हणजे मी. कोळसा बदलला की पुन्हा पाणी निवळेल. पण किती दिवसांनी बदलायचा हे कळायला अजून वर्ष लागेल.

एवढंसं औषध पोटात गेल्याने काय होतं? मला माहीत नाही. बहुधा काही होत नाही, असं शिकलेले लोक म्हणतात, पण तेही "बहुधा" म्हणतात. एवढं मात्र माहीत आहे की हे औषध पाण्याबरोबर वर चढतं आणि पानात साठतं. फळभाजीपेक्षा पालेभाजीत जास्त.

साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "जानेवारीचा आहे ना आपल्याकडे? तोच लावा. खोटा थोडाच आहे?"

ताई, हेच वाक्य. "खोटा थोडाच आहे." माझंच वाक्य माझ्यासमोर टेबलावर ठेवल्यासारखं झालं.

मी दोन्ही कागद एकत्र टाचून, वर अर्ज लिहून दिला की नाल्याकाठी पालेभाजी लावू नये, आणि फोटोला मी किंवा माझी बहीण येणार नाही. पोच घेतली. साहेब म्हणाले, "बघू. स्टोअरलाही माणूस हवाच आहे." कदाचित मला तिकडे पाठवतील. टाकी प्रेमदास सांभाळेल; त्याला माझ्यापेक्षा लवकर कळतं. मला स्टोअरचं वाईट वाटणार नाही असं नाही. कर्दळ आता फुलायला आली आहे.

पण हे पत्र यासाठी नाही.

शुक्रवारी प्रेमदास जरा लवकर निघाला, पोतं फाटकाशी ठेवून गेला. एरवी तोच रिकामं करतो. मी उचललं. पोत्याचं तोंड लुगड्याच्या काठाने बांधलं होतं. हिरवा काठ, दोन वेढे आणि ती तुझी गाठ, एक टोक ओढलं की सुटणारी.

मी तिथेच पोत्याजवळ बसलो. म्हणजे अडीच महिने माझी टाकी तू जगवते आहेस. शनिवारी प्रेमदासला विचारलं तर म्हणाला, "मले त्यायनं शपथ घातली होती, भाऊ. म्हणे सांगशीन तर शेण बंद." मग म्हणाला, "तुमचे पत्रं त्या मोठ्यानं वाचतेत. गायीपाशी बसून. मले वाटते गायीले आता तुमच्या टाकीतलं सारं समजते."

ती गाठ पाहिल्यावर मला हे लिहिल्यावाचून राहता येत नाही. तू पालक उपटलास त्याच्या आधीचे आठ महिने, तू दर रविवारी आणून द्यायचीस त्या जुड्या मी खाल्ल्या नाहीत. त्या वर्षी एका पुस्तकात या सगळ्या औषधांबद्दल वाचलं होतं. जुडी दारात घ्यायचो, तू गल्लीच्या वळणावर गेलीस की मागच्या दाराने नत्थूजींच्या बकरीला टाकायचो. रोशनी म्हणाली होती, "ताईंना सांगून टाका, नाहीतर खा. दोन्हींतलं एक करा." मी दोन्हींतलं एकही केलं नाही. पुढच्या रविवारी तू विचारायचीस, "कशी होती?" मी म्हणायचो, "छान, कोवळी होती."

बाजारात लोक ती घेत होते. तूही तीच खात होतीस. मी स्वतःपुरता बाजूला झालो आणि तुला तिथेच राहू दिलं. रिपोर्टाच्या रकान्याचं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते सोपं होतं. हे नव्हतं.

तू फाटकाशी येऊन विचारलं होतंस, तू खाशील का. उत्तर असं: नाही. तेव्हाही खात नव्हतो आणि आजही त्या पाण्यावरचा पालक मी खाणार नाही. तूही तो लावू नकोस. जागेसाठी येऊ नकोस, फोटोसाठी येऊ नकोस.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. शेण मात्र बंद करू नकोस, टाकीचा काही दोष नाही.

रत्ना


पवनार,
२४ फेब्रुवारी

रत्ना, जय भीम.

माह्या अक्षराले हसजो नको. चवथीनंतर आता लिहून राह्यली.

बकरीचं मले ठाऊक होतं. एका रविवारी मी वळणावरून वापस आली, पिशवी तुह्या दारात राह्यली होती म्हणून. नत्थूजीच्या बकरीच्या तोंडात माह्या लुगड्याचा काठ होता. ते पालक खाऊन काठ चघळून राह्यली होती. मी तशीच गेली. मनात म्हटलं, पोराचं पोट बिघडलं असन. दुसऱ्या रविवारी पुन्हा पाह्यलं. मग तिसऱ्या. आन् तू म्हणे, कोवळी होती.

म्हणून मी फाटकाशी आलती. मले पाण्याचं नव्हतं इचारायचं, पाण्याचं मले बकरीनं सांगतलं होतं. मले तुह्या तोंडून ऐकायचं होतं. तुनं रिपोर्ट काढला. मी तुले शिकवलं ते माह्यासंग असं बोलाले का? याचा राग होता. पालकाचा नाई. पण मी ज्या लोकायले जुड्या इकल्या त्यायचं तोंड अजून दिसते मले. ते तुह्या एकट्याचं नाई, माह्यं पण हाये. तीन रविवार मीबी पाहून गप राह्यली आन् इकत राह्यली.

आता तुनं नाई म्हटलं. दोन साल लागले, पण म्हटलं. मले बरं वाटलं.

त्या जागेचं आयक. गाजरगवत काढून झेंडू लावजो म्हण तुह्या साहेबाले. झेंडू कोणी खात नाई. बी माह्यापाशी हाये, गेल्या दसऱ्याचे फुलं सुकवून ठेवले. देत असन जागा तर मी करतो, नाई देत तर नको. अर्ज तुनं लिहिला ते चांगलं केलं. स्टोअरले पाठवलं तर जाजो, तिथंबी मोजाचंच काम असते. कर्दळ जवळ लावली हे मले वाचल्याबरोबर समजलं होतं, मधातली एक-एक काढून टाक.

शेण बंद नाई करत. गाय म्हणते चालू राहू दे.

येत्या शनिवारी पहिल्या बसनं येतो. पालक आणतो. इथल्या हिरीच्या पाण्याचा हाये, परसातला, तुले पाहिजे तर हिरीचं पाणी बाटलीत भरून आणतो, मोजून घेजो. रोशनीले म्हण ज्वारीची भाकर टाकजो, भाजी मी करतो. माह्यासमोर बसून खाजो. आता मधात बकरी नाई.

तुही ताई